युगांडाच्या विद्यार्थिनीला कांडी कोळशाचा धंदा काढायचा आहे: सुरुवात कुठून करावी?

पुण्यातल्या एका महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांच्या विद्यार्थिनीसाठी तीन प्रश्न विचारले आहेत. मुलगी युगांडाची, कंपालाजवळच्या मुकोनोची, वय वीसच्या आसपास. शेवटच्या वर्षाला आहे. परत जाऊन शेतातल्या टाकाऊ मालापासून कांडी कोळसा, म्हणजे ब्रिकेट, बनवायचा असं तिने ठरवलंय. तिच्या आराखड्यात लिहिलंय की कच्चा माल फुकट आहे, जंगल वाचेल, धूर कमी होईल, बायकांना काम मिळेल. मॅडमचे प्रश्न असे: कल्पना बरोबर आहे का? यंत्र भारतातून न्यावं का? आणि आधी शाश्वत विकास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं की थेट धंद्यात उतरावं?

मी या इंधनाच्या व्यवसायात आहे, काही काळ पूर्व आफ्रिकेतही काढला आहे. त्या भरवशावर सविस्तर लिहितो.

कल्पना चांगली आहे आणि गरजही खरी आहे. युगांडात दहातली नऊ घरं आजही लाकडावर नाहीतर लाकडी कोळशावर स्वयंपाक करतात. शहरात कोळसा, खेड्यात सरपण. 2023 च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी उत्तर युगांडात विक्रीसाठी कोळसा पाडायला बंदी घातली, कारण तिथली शिया आणि इतर जुनी झाडं कंपालाच्या चुलींसाठी तुटत होती. मातीत पुरून पाडलेल्या पारंपरिक भट्टीत शंभर किलो लाकडातून दहा ते वीस किलो कोळसा हाती येतो, बाकी सगळा धूर. तेव्हा पर्याय हवा याबद्दल दुमत नाही. पण आराखड्यातल्या पहिल्याच ओळीत एक शब्द असा आहे की तो तसाच राहिला तर पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. तो शब्द म्हणजे ‘फुकट’.

टाकाऊ मालाला मालक असतो. युगांडात तर नक्कीच असतो. काकिरा आणि लुगाझीचे साखर कारखाने आपलं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळतात, काकिरा तर त्यावर वीज करून ग्रिडला विकतो. कॉफीचं फोल पाहिलं तर देशात रोबस्टा जातीची कॉफी भरपूर पिकते, त्यामुळे गिरण्यांबाहेर त्याचे ढीग दिसतात. पण हिमा सिमेंटसारख्या कारखान्याने हेच फोल आणि भाताचं तूस भट्टीत इंधन म्हणून वापरायला केव्हाच सुरुवात केली आहे. कंपालाच्या बाजारांतली केळ्याची सालं गाई पाळणारे उचलून नेतात. गिरणीवाला पहिल्या महिन्यात म्हणतो, ‘घेऊन जा, माझी जागा मोकळी होते.’ तुमचा ट्रक नेमाने यायला लागला की चौथ्या महिन्यात तो भाव सांगतो. यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून कच्च्या मालाला पहिल्या दिवसापासून किंमत धरायची, आणि तीही आजची नाही, मागणी वाढल्यावर होईल ती. शक्यतो दोन-तीन वर्षांचा लेखी करार करायचा, त्यात भाव किती आणि कसा वाढेल हेही लिहून घ्यायचं.

आता वजनाचा हिशेब. तिने हा कागदावर स्वतः मांडावा, कारण धंद्याचं सगळं गणित इथेच ठरतं. एक टन कांडी कोळशासाठी, चिकटवायला घातलेली खळ आणि थोडी माती वजा जाता, साधारण 875 किलो कोळशाची पूड लागते. सुका शेतमाल कमी हवेत जाळून त्याचा जेमतेम चौथा हिस्सा पूड म्हणून उरतो. म्हणजे साडेतीन टन सुका माल आला. भाताचं तूस धरलं तर ते घनमीटरला शंभर-सव्वाशे किलोच भरतं, म्हणजे साडेतीन टनाला तीस घनमीटर जागा. छोट्या ट्रकच्या दोन-तीन खेपा झाल्या, त्याही एका टनासाठी! ट्रक भरलेला दिसतो, पण वजनाने निम्माही नसतो, आणि भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. रोज एक टन काढायचा तर वर्षाचे तीनशे दिवस धरून हजार टनांवर सुका माल हवा. सुगी वर्षातून दोनदा, त्यामुळे तो साठवायचा. कंपालाकडे मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन पावसाळे. साठवलेला माल भिजला की कुजतो, आणि ओला माल भट्टीत घातला की बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते.

यावर एक उपाय युगांडातच सापडला आहे. सांगा मोझेस हा कंपालात बँकेत हिशेबनीस होता. 2009 मध्ये गावी गेला तेव्हा लहान बहीण शाळा बुडवून सरपणाचा भारा वाहताना त्याला वाटेत भेटली. पुढच्या वर्षी नोकरी सोडून त्याने इको-फ्युएल आफ्रिका काढली. त्याने माल कारखान्यात आणला नाही, भट्ट्याच शेतकऱ्यांकडे नेल्या. शेतकरी आपल्या बांधावर पाचोळा, कणसांचे बुरकुंडे जाळून पूड करायचा आणि पूड विकायचा. थोडी पूड खत म्हणून शेतात ठेवायचा. कंपनी पुडीच्या कांड्या पाडायची आणि त्या वस्तीतल्या बायका आपल्या टपरीवर विकायच्या. वाहतूक एक चतुर्थांशावर येते, पावसात माल सांभाळायचं काम शेतकऱ्यांमध्ये वाटलं जातं आणि पैसाही गावात राहतो. तिने हा नमुना नीट अभ्यासावा. पण त्यातली अडचणही समजून घ्यावी. वीस-तीस ठिकाणांहून येणारी पूड एकसारखी नसते. कुणी अर्धवट जाळतो, कुणी जास्त जाळून राख करतो, कुणाच्या पुडीत माती जास्त. पूड विकत घेताना वजनाबरोबर राखही मोजायची आणि भाव राखेवर ठरवायचा. एक ग्रॅम पूड जाळून उरलेली राख तोलायला साधी भट्टी आणि नाजूक तराजू पुरतो.

पुण्यात राहण्याचा तिला मोठा फायदा आहे, तो असा. आरती, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांची अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, हिने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची भट्टी बनवली आणि 2002 मध्ये त्यासाठी अ‍ॅशडेन हा स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळवला. एका मोठ्या पिंपात सात डबे, डब्यांत दाबून भरलेलं पाचट, खाली थोडं पाचट जाळून तापवायचं. डब्यांतून निघणारा वायू पेटतो आणि पुढची उष्णता तोच देतो. हे तंत्र पुढे टांझानियापर्यंत गेलं. डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांची समुचित एन्व्हायरो टेक पुण्यातच आहे. ही भट्टी चालताना बघणं, धूर कधी पांढरा असतो, कधी पातळ निळा होतो आणि कधी तोंड बंद करायचं हे शेजारी उभं राहून शिकणं, याला पुस्तक पर्याय नाही. मात्र विद्यार्थी व्हिसावर नोकरी किंवा धंदा करता येत नाही. तेव्हा मॅडम, महाविद्यालयाच्या पत्रावर, अभ्यासभेट म्हणून पाठवा.

आता गिऱ्हाईक. तिच्या आराखड्यात ‘पर्यावरणाची जाण असलेलं शहरी कुटुंब’ असं लिहिलंय. असं कुटुंब असतंही, पण कोळशाच्या दुकानापाशी ती जाण भाव करत नाही. गिऱ्हाईक उष्णता विकत घेतं. चांगला लाकडी कोळसा किलोला 28 ते 30 मेगाज्यूल उष्णता देतो. खळ, माती आणि शेतमालाची राख धरून कांडी कोळसा 18 ते 22 देतो. सरासरी 20 धरा. म्हणजे एक किलो कांडी कोळसा हा लाकडी कोळशाच्या सुमारे सत्तर टक्के झाला. समजण्यापुरता गोल आकडा घेऊ: लाकडी कोळसा किलोला 2000 शिलिंग असेल तर कांडीचा बरोबरीचा भाव 1400. पण बरोबरीच्या भावाला कुणी सवय बदलत नाही, म्हणून 1200. त्यात दुकानदाराचे 200, पोचवण्याचे 50. कारखान्याच्या दारात 950 उरले. त्यात पूड, खळ, मजुरी, वीज, पोती, भाडं, मोडतोड आणि वाळवताना फुटलेल्या कांड्या. हा आकडा बसला तर धंदा आहे. न बसला तर जंगल वाचवण्याचा हेतू कितीही खरा असला तरी कारखाना दोन वर्षांत बंद पडेल आणि ती माणसं पुन्हा लाकडी कोळशाकडे जातील. माझ्या दृष्टीने ‘शाश्वत’ या शब्दाची पहिली कसोटी हीच आहे.

उष्णतेच्या आकड्यापलीकडे स्वयंपाकघरातही जाऊन बसायला हवं. कंपालात एका खानावळीच्या मागच्या अंगणात मी पाहिलेलं सांगतो. स्वयंपाकीण बाईंकडे चार सिगिरी होत्या, म्हणजे आपल्या कोळशाच्या शेगड्यांसारख्याच. सकाळी चहा आणि अंडी यासाठी त्यांनी लाकडी कोळसाच पेटवला, कारण तो लवकर धरतो. दहाच्या सुमाराला मोठ्या पातेल्यात केळीच्या पानांत गुंडाळलेलं मातोके, म्हणजे कच्ची केळी, चढलं, बाजूला घेवडा. या दोन्हीला तासन्‌तास मंद आच लागते. तेव्हा बाईंनी पेटत्या कोळशावर कांड्या रचल्या आणि दुपारपर्यंत त्या शेगडीकडे बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं, सगळंच कांडीवर का करत नाही? त्या म्हणाल्या, ‘सकाळी गिऱ्हाईक उभं असतं.’ एवढ्यात विक्रीची सगळी दिशा आली. कांडी कोळसा लाकडी कोळशाला हटवायला निघाला की हरतो. ‘घेवड्याला आणि मातोकेला हा वापरा, कोळसा निम्मा लागेल’ असं सांगितलं की विकला जातो. कांडीला मधे भोक पाडलं तर थोडी लवकर धरते. खळ जास्त झाली तर पेटताना धूर येतो. माती जास्त झाली तर राखेचं कवच धरून आच मंदावते. हे तिने प्रयोगशाळेत नाही, अशा अंगणांत बसून शिकावं, आणि खानावळवाल्या बायकांना तपासनीस मानावं.

घराघरांत विकणं सर्वांत अवघड. कंपालात बहुतेक कुटुंबं कोळसा रोजच्या रोज डबाभर घेतात, कारण हातात रोजचेच पैसे असतात. तुमचं वीस किलोचं छापील पोतं त्यांच्यासाठी नाही. वस्तीतली दुकानदारीण लाकडी कोळशाच्या ढिगाशेजारीच सुट्या कांड्या ठेवेल तर खपतील. त्यासाठी तिला आधी उधारीवर माल द्यावा लागतो आणि वसुलीला माणूस ठेवावा लागतो.

त्यापेक्षा सुरुवातीला कोंबडीपालनवाले गाठावेत, हा माझा ठाम सल्ला आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंश उब लागते. युगांडात ती मातीच्या भांड्यात कोळसा पेटवून देतात. रात्री दोनदा उठून कोळसा घालावा लागतो, विसरलं तर सकाळी पिल्लं गारठून मेलेली सापडतात. कांडी कोळसा सावकाश आणि सारखा जळतो, त्यामुळे हाच त्याचा गुण होतो. हे गिऱ्हाईक ठोक घेतं, रोख देतं, पुढची खेप कधी लागेल हे आधी सांगतं, आणि एकाने घेतलं की शेजारचा विचारत येतो. मुकोनोच्या आसपास कुक्कुटपालन बरंच आहे, म्हणजे तिच्या घरापासूनच बाजार सुरू होतो. एक गोष्ट मात्र प्रत्येक पोत्यावर लुगांडा या स्थानिक भाषेत छापायची: कांडी कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, बंद खोलीत पेटवू नये, खिडकी उघडी ठेवावी. ‘स्वच्छ इंधन’ म्हणून जाहिरात करून ही सूचना टाळणारे मी पाहिले आहेत. तिने तसं करू नये. धूर दिसत नाही म्हणून लोक गाफील राहतात, आणि त्यात जीव जातो.

शाळांबद्दल तिने लिहिलंय की निवासी शाळा हे मोठं गिऱ्हाईक होईल. होईल, पण वेगळ्या मालाचं. शाळा पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा) आणि घेवडा मोठ्या चुलीवर लाकडाच्या ओंडक्यांनी शिजवतात. सरपण कोळशापेक्षा स्वस्त असतं, त्यामुळे कोळसा केलेली कांडी तिथे भावात बसत नाही. तिथे न जाळता नुसता दाबून केलेला ठोकळा चालतो, आपल्याकडे बॉयलरवाले ज्याला व्हाईट कोल म्हणतात तो. त्यात खळ लागत नाही. दाब आणि उष्णतेने मालातलं लिग्निन, म्हणजे त्यातला नैसर्गिक डिंकच, चिकटपणा देतं. आणि तीन चतुर्थांश वजन धुरात जात नाही, साडेतीन टनातून तीन टनांच्या वर माल निघतो. कंपालातल्याच कंपाला जेलिटोन सप्लायर्सने हा रस्ता धरला, शाळा, दवाखाने, कारखान्यांना असे ठोकळे विकले आणि 2009 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार घेतला. पण यंत्र जड, किंमत मोठी, थ्री-फेज वीज हवी, माल दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलेला हवा. शिवाय शाळा पैसे देतात ते फी जमल्यावर, आणि सुट्टीत मागणी शून्य. अडीच-तीन महिन्यांची उधारी पेलेल एवढं खेळतं भांडवल असल्याशिवाय शाळेच्या वाटेला जाऊ नये.

यातून यंत्राच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळालंच. राजकोटला ब्रिकेटची यंत्रं उत्तम बनतात आणि आफ्रिकेत जातातही. कोटेशन बघून हुरूप येतो. पण कांडी कोळशाच्या स्क्रू यंत्रात स्क्रूच सर्वांत लवकर झिजतो, कारण पुडीत सिलिका, म्हणजे वाळूसारखा कठीण घटक, असते, भाताच्या तुसाच्या पुडीत तर फारच. स्क्रू झिजला की कांड्या भुसभुशीत निघतात. नवा स्क्रू भारतातून मागवायचा तर मोंबासा बंदरातून येऊन सीमा ओलांडेपर्यंत कारखाना बंद. एका ओळखीच्या उद्योगात चांगलं महाग यंत्र अशाच एका सुट्या भागासाठी झाकून ठेवलेलं मी पाहिलं आहे. कंपालात कटवे नावाचा भाग आहे, तिथले लोहार-वेल्डर मोडक्या ट्रकच्या पाट्यांपासून काहीही बनवतात. त्यांच्याकडून हाताने किंवा छोट्या मोटरवर चालणारं यंत्र करून घ्यावं, त्यांच्याकडूनच झिजलेल्या स्क्रूवर कठीण धातूचं वेल्डिंग चढवून घ्यावं. माल खपतोय, भाव मिळतोय हे वर्षभर दिसलं की मग राजकोटचा विचार. तेव्हाही यंत्राबरोबर दोन स्क्रू, बेअरिंगचा पूर्ण संच आणि ड्रॉइंग मागून घ्यायचं. ड्रॉइंग द्यायला जो विक्रेता तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नये.

यंत्रापेक्षा वाळवणीवर पैसा घालावा, हे मी पुन्हापुन्हा सांगतो आणि लोक पुन्हापुन्हा विसरतात. यंत्रातून कांडी ओली निघते. उन्हात तीन-चार दिवस लागतात. पावसाळ्यात आठवडा गेला तरी आत ओल राहते, कसाव्याच्या खळीवर बुरशी धरते आणि पोत्यात कांड्यांचा भुगा होतो. म्हणजे वर्षातले सहा महिने यंत्राची क्षमता कागदावरच राहते, कारखाना वाळवणीच्या वेगानेच चालतो. पारदर्शक प्लास्टिकचा मांडव, आत जाळीच्या फळ्या एकावर एक, वरून गरम हवा जायला धुराडं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. पूड चाळणाऱ्या माणसांच्या नाकातोंडावर चांगला मास्क, आणि चाळणी झाकलेली. काळी धूळ फुप्फुसात जाते. बायकांना काम मिळेल असं लिहिताना ते काम कसलं आहे हेही लिहावं.

पैशाबद्दल. आफ्रिकेतल्या तरुणांसाठी आज स्पर्धा, पाठ्यवृत्त्या, बीजभांडवल भरपूर आहे. टोनी एलुमेलू फाउंडेशन 2015 पासून आफ्रिकाभरातल्या नवउद्योजकांना प्रशिक्षण आणि 5000 डॉलर परत न करण्याच्या बोलीवर देते. आन्झिशा हा उपक्रम 15 ते 22 वयाच्यांसाठीच आहे. दोन्हीकडे अर्ज जरूर करावा, तिला वयाचा फायदा आहे. 5000 डॉलरमध्ये भट्ट्या, कटवेचं यंत्र, वाळवणीचा मांडव आणि काही महिन्यांचं खेळतं भांडवल बसतं, अर्थात जागा घरची असेल तर. मात्र स्पर्धांचंच व्यसन लागलेली हुशार मुलं मी बघितली आहेत. दर दोन महिन्यांनी नवं सादरीकरण, नवं शहर, नवा चषक, आणि मागे कारखान्यात आठवडाभर भट्टी पेटलेली नाही. परीक्षक खुश झाले म्हणजे माल खपला असं होत नाही. वर्षाला दोन अर्ज, बस.

कर्ज घेताना चलन बघावं. युगांडात शिलिंगच्या कर्जाचा व्याजदर अठरा-वीस टक्क्यांच्या घरात असतो, त्यामुळे डॉलरचं स्वस्त कर्ज मोहात पाडतं. पण तिची कमाई शिलिंगमध्ये होणार आहे, आणि शिलिंग घसरला की हप्ता आपोआप वाढतो. गावच्या बचत गटातून किंवा सॅकोतून, म्हणजे तिथल्या पतसंस्थेतून, छोटं कर्ज घेऊन मोबाइल मनीने वेळेवर फेडलेलं बरं. तो फेडीचा इतिहासच पुढे बँकेत कामाला येतो.

कार्बन क्रेडिटवर, म्हणजे कार्बनचं उत्सर्जन वाचवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांवर, तिने उत्पन्नाचा तिसरा हिस्सा धरला आहे. तो पूर्ण खोडावा. नोंदणी, मोजणी, त्रयस्थ तपासणी यांचा खर्च छोट्या कारखान्याला झेपत नाही. शिवाय बाजाराचा विश्वास हललेला आहे: 2024 च्या जानेवारीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी चुलींच्या प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खऱ्या बचतीच्या नऊपट क्रेडिट दिली गेल्याचं निघालं. रवांडातल्या इन्येनेरी या कंपनीचं उदाहरणही वाचावं. चुली भाड्याने, वर पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या गोळ्या, विकायच्या, हेतू उत्तम, चूल उत्तम, जागतिक बँकेच्या निधीशी कार्बनचा करारही झालेला. तरी 2020 मध्ये पैसा संपून काम थांबलं. बाहेरचा पैसा यायला वेळ लागतो आणि इंधनाचा कारखाना रोज पैसा खातो. कार्बनचे पैसे आले तर त्यातून वाळवणीचा मांडव वाढवावा, पगार त्यावर अवलंबून ठेवू नये.

नोंदणीचं काम सरळ आहे. कंपनी किंवा व्यवसायनाव यूआरएसबी या नोंदणी कार्यालयाकडे, कराचा क्रमांक यूआरए या कर खात्याकडून, स्थानिक परवाना नगरपालिकेकडून, आणि दुकानांत माल ठेवायचा झाला की यूएनबीएस या मानक संस्थेचं दर्जाचिन्ह. इंधनाची चाचणी माकेरेरे विद्यापीठातल्या क्रीक या ऊर्जा संशोधन केंद्रात होते. तिथला अहवाल हातात असला की खानावळवाले आणि कोंबडीवाले बोलायला बसतात.

कंपालाच्या कचऱ्याचा विचारही तिच्या डोक्यात आहे असं मॅडम लिहितात, आणि तो का आला हे समजतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये किटेझीचा कचरा डेपो खचला आणि तीसहून जास्त माणसं गाडली गेली. कोणत्याही संवेदनशील मुलीला तिथे काहीतरी करावंसं वाटेल. पण मिश्र कचऱ्यातून कांडी कोळसा हा वेगळा आणि फार अवघड धंदा आहे: ओलावा, प्लास्टिक, माती, सगळं एकत्र. तो करायचा तर आधी वर्गीकरण करणारी माणसं संघटित हवीत. त्यासाठी पुण्यातली स्वच्छ सहकारी संस्था तिने आत्ताच जाऊन पाहावी. कचरावेचक बायकांनी स्वतः मालक होऊन महापालिकेशी करार केला, दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा घेतला, सुक्यावर हक्क मिळवला. 1993 च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीपासून हे काम कसं उभं राहिलं हे त्या बायकांकडूनच ऐकावं. कांडी कोळशाचा कारखाना स्थिरावला की पाच-सात वर्षांनी तिला ते उपयोगी पडेल. आज मात्र बुरकुंडे आणि कॉफीचं फोल, एवढंच.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. माझं मत, लगेच पदव्युत्तर पदवी नको आणि लगेच स्वतःचा कारखानाही नको. घरी परतल्यावर वर्षभर नोकरी करावी, शक्यतो कंपालातल्या एखाद्या ब्रिकेट कंपनीच्या विक्री विभागात, ते न जमल्यास कोंबडीखाद्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे. खाद्य विकणाऱ्याला जिल्ह्यातला प्रत्येक कोंबडीवाला माहीत असतो: कोण रोख देतो, कोण बुडवतो, पिल्लं कधी येतात. हीच यादी उद्या तिची गिऱ्हाइकांची वही होईल, आणि ती शिकत असताना पगारही मिळेल. सुट्टीच्या दिवशी मुकोनोत एक भट्टी पेटवावी, महिन्याला पन्नास-शंभर किलो काढून ओळखीच्यांना विकत द्यावा. फुकट वाटू नये, फुकट घेतलेल्या मालाबद्दल कुणी खरं बोलत नाही. पदव्युत्तर शिक्षणाची वेळ त्यानंतर येईल, जेव्हा तिला नेमकं काय येत नाही हे कळलेलं असेल. एखादीला हिशेबशास्त्र लागतं, एखादीला यंत्र अभियांत्रिकी. ‘शाश्वत विकास’ असं नाव असलेली पदवीच लागते असं नाही.

मॅडम, तिला एवढं सांगा: परीक्षा संपायच्या आत आरतीची भट्टी चालताना पाहून यायचं, आणि या सुट्टीत घरी गेली की मुकोनोच्या पंचवीस किलोमीटरच्या आत कणसांचे बुरकुंडे, भाताचं तूस आणि कॉफीचं फोल कुठे किती निघतं, आज कोण नेतं, काय भावाने नेतं, याची वही करायची. सोबत पाच कोंबडीवाल्यांचा आणि पाच खानावळींचा आठवड्याचा कोळशाचा खर्च लिहायचा. त्या वहीवरून किलोमागचा 950 चा हिशेब तिच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडून मला पाठवा. मी ओळ न ओळ तपासून देईन, आणि कटवेच्या यंत्राचं ड्रॉइंग काढायलाही मदत करीन.